आत कागद नाही, तरी ‘पेपर जॅम’

जुलैतला सोमवार होता. सकाळी साडेदहाला महापेच्या एका ऑफिसातून फोन आला. “दादा, झेरॉक्सचं मशीन सकाळी चालू केल्यापासून पेपर जॅम दाखवतंय. सगळी दारं उघडून पाहिली, आत कागदाचा कपटा नाही. पाच वेळा बंद-चालू करून झालं.” मी ठाण्याहून पोहोचेपर्यंत बारा वाजले. तोवर टेंडरची दीडशे पानं छातीशी धरून तिथले शिपाईकाका भर पावसात बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले होते.

मी मशीनचं उजवं दार उघडलं. कागद जिथून बाहेर पडतो तिथे एक काळी प्लास्टिकची पट्टी असते, करंगळीच्या पेरापेक्षा जराशी लांब. ती खाली दबलेली होती. बोटाने हलवून सोडली तरी जागेवर येईना. टॉर्च मारला तर तिच्या बुडाशी कागदाचा त्रिकोणी तुकडा, नखाएवढा. चिमट्याने काढला, पट्टी टुणकन वर आली, दार लावलं आणि मशीन सुरू झालं. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या घाईत कुणीतरी अडकलेला कागद उलट्या बाजूने ओढून काढला होता आणि मशीन बंद करून घर गाठलं होतं. तो कागद पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात सापडला. तुकडा त्याच्या फाटक्या कोपऱ्याला लावून पाहिला, बरोबर बसला.

ठाणे, कळवा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात मी वीस वर्षं कॉपियर दुरुस्त करतोय. हा फोन मला दर पावसाळ्यात कितीदा येतो याची गणती नाही. स्क्रीनवर ‘पेपर जॅम’ वाचलं की माणूस कागद शोधतो, आणि कागद सापडला नाही की मशीनवर चिडतो. त्यात त्याची चूक नाही. मशीनला सांगायचं असतं एक आणि त्या दोन शब्दांतून कळतं दुसरंच.

मशीनला कागद दिसत नाही, ही यातली मुख्य गोष्ट. त्याला कळते फक्त वेळ.

ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल डोळ्यांसमोर आणा. समजा, कंट्रोल रूममधल्या माणसाला गाडी दिसत नाही. ऐरोली, घणसोली, तुर्भे अशा काही स्टेशनांवर एकेक दिवा आहे. गाडी स्टेशनात आली की दिवा पेटतो, निघून गेली की विझतो. बाकी त्याच्या हाती फक्त घड्याळ. ठाण्याहून गाडी सुटली की ठरलेल्या वेळात ऐरोलीचा दिवा पेटायला हवा. नाही पेटला, तर गाडी मध्येच कुठेतरी राहिली. पेटला आणि वेळ उलटली तरी विझला नाही, तर गाडी स्टेशनातच अडकली. आणि पहाटे, एकही गाडी सुटलेली नसताना तुर्भ्याचा दिवा पेटलेला दिसला तर? एखादा डबा कालपासून तिथे उभा असेल किंवा दिवाच बिघडला असेल. कंट्रोल रूममधल्या माणसाला यातला फरक कळायला मार्ग नाही. तो वाहतूक थांबवून मोकळा होतो.

कॉपियर अगदी असंच वागतो. ट्रेमधून कागद उचलला की घड्याळ सुरू होतं. वाटेवर ठिकठिकाणी सेन्सर असतात. कागद उशिरा पोहोचला तरी जॅम, रेंगाळला तरी जॅम, आणि कागद नसताना सेन्सर दबलेला असला तरी जॅमच. तीन वेगवेगळ्या दुखण्यांना स्क्रीनवर एकच नाव.

त्यामुळे दारं उघडण्याआधी एक गोष्ट बघा, संदेश नेमका कधी येतो ते. मशीन चालू केल्याबरोबर, एकही कागद हलायच्या आत जॅम दाखवत असेल, तर रोलर, ट्रे, कागदाची जात या कशाचाही संबंध नाही. एखादा सेन्सर दबलेला आहे, बस्स. चालू होताना मशीन सगळे सेन्सर एकदा तपासतं, म्हणून पाच वेळा बंद-चालू केलं तरी तेच उत्तर पाच वेळा मिळतं. उलट, मशीन ‘रेडी’ म्हणतंय आणि कॉपी दिली की मग थांबतंय, तर सेन्सर बहुतेक ठीक आहेत आणि कागदाच्या प्रवासात खोट आहे. या एका निरीक्षणाने निम्मं काम होतं.

आता तो सेन्सर जवळून पाहू. एका बाजूला काळी पट्टी. आम्ही तिला फ्लॅग म्हणतो. तिचं एक टोक कागदाच्या वाटेत येतं, दुसरं टोक आत एका छोट्या, इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या खाचेत. खाचेच्या एका भिंतीतून डोळ्याला न दिसणारा प्रकाश निघतो आणि समोरच्या भिंतीतला डोळा तो टिपतो. कागद आला की पट्टी कलंडते, तिचं आतलं टोक सरकतं आणि प्रकाश मोकळा होतो किंवा अडतो. कागद गेला की केसासारखी बारीक स्प्रिंग पट्टीला परत आणते. इतकंच. ती स्प्रिंग निसटली, पट्टीचं टोक तुटलं, खाचेत टोनरची, म्हणजे छपाईच्या भुकटीची, धूळ बसली किंवा बुडाशी कागदाचा तुकडा राहिला, तर मशीनच्या दृष्टीने तिथे कायम कागद आहे. मशीन बंद करा, दाखवलेल्या भागातली प्रत्येक पट्टी बोटाने हळूच दाबा आणि सोडा. चांगली पट्टी चटकन परत येते. जी आळसावून येते किंवा येतच नाही, ती आपली. खाचेतली धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी, तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर ओल जाते.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. कागद काढला, पट्टी मोकळी झाली, तरी अनेक मशीन संदेश सोडत नाहीत, कारण दाखवलेलं विशिष्ट दार उघडून परत लावलं गेलं पाहिजे अशी त्यांची अट असते. कुणीतरी खरंच बघितलं, याची त्यांना तेवढीच खूण मिळते. तेव्हा चित्रात जे दार लुकलुकतंय तेच उघडा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून लावा. एका बाजूने टेकलेलं दार हेही कितीतरी ‘जॅम’चं कारण असतं.

कागद काढताना तो ज्या दिशेने जाणार होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सरळ रेषेत ओढा. हिरवी किंवा निळी चाकं आणि खटके दिलेले असतात ते याचसाठी. फिरवा, कागद सैल होईल. फाटलाच, तर तुकडे टेबलावर ठेवून पान पुरं जुळतंय का बघा. कोपरा कमी असेल, तर तो आत आहे.

आता प्रवासातली दुखणी. ट्रेच्या तोंडाशी रबराचे रोलर असतात. एक वरचा कागद उचलतो, दुसरा पुढे ढकलतो आणि त्याच्या खालचा चुकून सोबत आलेल्या दुसऱ्या कागदाला मागे रेटतो. नवं रबर हाताला जरा चिकट, मखमली लागतं. कागदात खडूसारखी भुकटी भरलेली असते, ती रबरावर बसत जाते आणि रोलर गुळगुळीत, चकचकीत होतो. मग तो कागदावर नुसता घसरतो. कान द्या, ट्रेमध्ये ‘घर्र, घर्र’ असा दोन-तीनदा प्रयत्न ऐकू येतो आणि मग मशीन हार मानतं. दार उघडलं तर कागदाचं तोंड ट्रेच्या बाहेर जेमतेम बोटभर आलेलं असतं. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर पुसला की काही आठवडे निघतात. त्यावर घरचं थिनर, पेट्रोल किंवा सॅनिटायझर लावू नका, रबर तडकतं. पुसूनही आठवड्यात परत तेच, तर रोलर बदलायला आला आहे. तो झिजणारा भाग आहे, चपलेच्या टाचेसारखा. बदलला की तारीख आणि मशीनच्या काउंटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला इंजिनिअरला सांगा. पुढच्या वेळी वाद राहत नाही.

पुढे कागद दोन स्थिर रोलरांना नाक टेकून क्षणभर थांबतो. मागून ढकलणं चालूच असतं, त्यामुळे त्याला छोटीशी कमान पडते आणि तिरका आलेला कागद आपोआप सरळ होतो. मग ड्रमवरचं, म्हणजे पानाचं चित्र आधी ज्यावर तयार होतं त्या फिरत्या नळकांड्यावरचं, चित्र त्या जागी आलं की तो सोडला जातो. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या सैल ठेवल्या, तर कागद इतका तिरका येतो की ही कमानसुद्धा त्याला सावरू शकत नाही. पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात, आवळलेल्या नकोत.

पण आपल्याकडच्या जॅमचं सगळ्यात मोठं कारण मशीनच्या आत नसतंच. ते हवेत असतं, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात कॉपियरच्या या तंत्राने पहिली प्रत काढली. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर वीज आणली, उजेड पाडला, भुकटी टाकली आणि ती मेणकागदावर उतरवली. पुढे या तंत्राला झेरोग्राफी हे नाव मिळालं, ग्रीकमधून आलेलं, अर्थ ‘कोरडं लेखन’, कारण त्यात ओली रसायनं लागत नव्हती. आजच्या मशीनमध्येही टोनरची भुकटी कागदावर जाते ती स्थिर विजेच्याच जोरावर. हे सगळं कोरडेपणावर उभं आहे, आणि आपण ते खाडीकाठी, जुलैत चालवतो.

कागद हवेतली ओल पितो. कारखान्यातून निघताना कॉपियरच्या कागदात साधारण ४ ते ५ टक्के ओलावा असतो. त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रतेची हवा मानवते. ठाण्या-वाशीला पावसाळ्यात ती ८० च्या वर राहते. ७५ जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाची, ए४ची ५०० कागदांची रीम भरते २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास. तिने दोन टक्के ओल जास्त घेतली, तर जवळपास ४७ ग्रॅम पाणी त्या गठ्ठ्यात शिरलं, म्हणजे तीन मोठे चमचे. ते सगळीकडे सारखं शिरत नाही. कडा आधी ओल घेतात आणि फुगतात, मधला भाग मागे राहतो, म्हणून उघड्या रीमच्या कडा लाटांसारख्या दिसतात. असे कागद एकमेकांना चिकटतात, दोन-दोन उचलले जातात. विजेचा भार त्यांच्यातून झिरपून जातो, म्हणून छपाई फिकी येते. गरम रोलरांमधून जाताना एक बाजू आधी वाळते आणि कागद वळतो. वळलेलं तोंड बाहेर पडायच्या वाटेत कुठेतरी आपटतं आणि कागद पंख्यासारखा घडी होऊन बसतो. जॅम आणि फिकी छपाई एकदम सुरू झाली, तर मशीनच्या आधी कागदावर संशय घ्या.

नवी मुंबईच्या काचेच्या इमारतींत आणखी एक गोष्ट होते. शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद होतो, दोन दिवस हवा कोंदते आणि ट्रेमधला वरचा थर ओल घेत पडून राहतो. सोमवारी सकाळी पहिले वीस-पंचवीस कागद त्रास देतात, दुपारी मशीन शहाण्यासारखं चालतं. मग तक्रार येते, ‘इंजिनिअर येतो तेव्हा चालतं’. सोमवारी ट्रेच्या वरचा बोटभर कागद काढून बाजूला ठेवा, फरक लगेच दिसेल. रीम वेष्टनातच ठेवा. ते वेष्टन ओल अडवण्यासाठीच असतं. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये भरा आणि उरलेल्या रीमचं तोंड दुमडून चिकटपट्टी लावा. जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वागळे इस्टेटच्या जुन्या गाळ्यांत रीमचा ढीग हमखास भिंतीलगत असतो आणि सगळ्यात खालची रीम काढली की हाताला गार लागते. काही कॉपियरांत ट्रेखाली छोटा हीटर असतो, आम्ही त्याला कॅसेट हीटर म्हणतो. तुमच्या मशीनला आहे का विचारा. असेल, तर पावसाळ्यात त्याचं बटण चालू ठेवा आणि रात्री भिंतीवरचा मेन स्विच बंद करू नका, नाहीतर तो असून नसल्यासारखा.

रीमच्या वेष्टनावर एक बाण असतो, आधी कोणती बाजू छापायची ते दाखवणारा. तो बघून कागद भरला की वळण्याचा त्रास कमी होतो.

साइजचा घोळ तर आपल्याकडे खास आहे. कोर्ट नाक्याजवळच्या वकिलांच्या ऑफिसांत मी हे शेकडो वेळा पाहिलं. अमेरिकन लीगल कागद २१६ बाय ३५६ मिलिमीटरचा. आपल्याकडे लीगल म्हणून मिळतो तो बहुतेक २१५ बाय ३४५चा, ११ मिलिमीटर आखूड. ए४ची लांबी २९७. समजा, एखादं मशीन सेकंदाला १५० मिलिमीटर कागद सरकवतं. उभा ए४ एका सेन्सरवरून दोन सेकंदांत निघून जातो, आपला लीगल घेतो २.३ सेकंद. ट्रेमध्ये लीगल आणि मशीनला सांगितलंय ए४, तर दोन सेकंदांनंतरही सेन्सरवर कागद आहे. काही मशीन ‘साइज जुळत नाही’ असं नीट सांगतात, काही सरळ जॅम म्हणतात. कागद तर अगदी सुरळीत चाललेला असतो! साइजच्या यादीत ‘इंडियन लीगल’ असेल तर तेच निवडा, नसेल तर माप हाताने घाला. आणि ट्रेमधली मागची पट्टी कागदाला भिडलेली आहे ना, ते बघा. कितीतरी मशीन त्या पट्टीवरूनच लांबी ओळखतात.

पाठकोऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं, कारण काटकसर चांगलीच आहे. पण एकदा छापलेला कागद एकदा भाजलेला असतो. तो वळलेला असतो, त्याच्या मागचा टोनर परत गरम होऊन रोलरला चिकटतो, आणि गठ्ठ्यात एखादी स्टेपलरची पिन राहिलेली असतेच. एका पिनेने फ्युजरची, म्हणजे टोनर वितळवणाऱ्या भागाची, फिल्म चिरली तर जो खर्च येतो त्यात वर्षभराचा कोरा कागद येईल. पाठकोरे कच्च्या हिशेबाला, निरोप लिहायला वापरा, ट्रेमध्ये घालू नका.

फ्युजर म्हणजे मशीनचा तवा. टोनर ही मुळात प्लास्टिकची भुकटी. ती इथे साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून कागदात बसते. १९५९ मध्ये साध्या कागदावर प्रती काढणारं झेरॉक्स ९१४ हे मशीन बाजारात आलं, तेव्हा या तव्यापाशी कागद अडकून पेटायची भीती होती आणि कंपनी मशीनसोबत छोटं अग्निशामक यंत्र देत असे. आजची मशीन इतकी धोक्याची नाहीत, पण हात भाजण्याइतकी नक्की आहेत. या भागातला कागद काढायचा, तर मशीन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. आत स्क्रू ड्रायव्हर, कात्री, पट्टी घालू नका. कागद दर वेळी इथेच पंख्यासारखा दुमडत असेल, तर त्याला रोलरवरून सोडवणारी बारीक नखं झिजली आहेत. ते काम इंजिनिअरचं. तसंच ड्रमचं, त्याला बोट लावू नका आणि तो उजेडात उघडा ठेवू नका.

जॅम नेमका कुठे, हे शोधायला हत्यार लागत नाही. पहिल्या ट्रेमधून दहा कॉपी काढा, मग तोच कागद दुसऱ्या ट्रेमध्ये घालून दहा. एकाच ट्रेला त्रास असेल, तर त्याच ट्रेचे रोलर. दोन्हींना असेल, तर पुढची सामाईक वाट किंवा कागदच. मग नवी रीम फोडून तीच परीक्षा. जॅम गेला तर कागद दोषी. एकतर्फी नीट येतं आणि दोन्ही बाजूंनी छापताना अडतं, तर कागद उलटवणारा भाग. काचेवर ठेवून कॉपी निघते आणि वरच्या फीडरमधून, म्हणजे पानं आपोआप ओढून घेणाऱ्या भागातून, घातलं की अडतं, तर दुखणं फक्त फीडरचं, तिथले रोलर वेगळे असतात. आधारची लॅमिनेट केलेली प्रत, डिंक ओला असलेली पावती, कोपऱ्याला दुमडलेलं सातबाऱ्याचं पान, असं काही फीडरमधून घालायचंच नाही. काच त्यासाठीच आहे.

एवढं करूनही अडलं, तर सर्व्हिसला फोन लावा, पण ‘जॅम येतोय’ एवढंच सांगू नका. स्क्रीनवरचा कोड वाचून दाखवा, कोणत्या दाराचं चित्र आहे ते सांगा. चालू करताच येतो की कॉपी दिल्यावर, कोणत्या ट्रेमधून, कोणत्या साइजला, एकतर्फी की दुतर्फी, पहिल्याच पानाला की पन्नासाव्या, आणि कागदाचं तोंड कुठवर येऊन थांबलं होतं, तेही सांगा. महापेच्या त्या ऑफिसात शिपाईकाकांनी आता हे सगळं मशीनजवळच्या वहीत लिहायला सुरुवात केली आहे, तारखेनिशी. त्यांचा फोन आला की ते वही उघडून वाचतात, आणि कोणता रोलर बॅगेत टाकायचा हे मी ठाण्यातून निघतानाच ठरवतो.